कचऱ्याची भट्टी आणि कष्टकऱ्यांची भाकरी

महाराष्ट्रातील महापालिकांच्या कारभाराला गेल्या काही वर्षांत एक नवा मंत्र सापडला आहे. ‘कचऱ्यातून वीज’ हा तो मंत्र होय. शहराबाहेर कचऱ्याचा डोंगर उभा राहिला, ज्या गावाच्या माथी तो मारला त्या गावाने गाड्या अडविल्या, डोंगराला आग लागून निम्मे शहर धुरात कोंडले, की हा मंत्र उच्चारला जातो. कचरा जाळावयाचा, त्याच्या उष्णतेवर वाफ करावयाची, वाफेवर जनित्र फिरवावयाचे; कचराही नाहीसा आणि वर विजेचा लाभ! १ ऑगस्ट २०२३ रोजी पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या अशा प्रकल्पाचे उद्‌घाटन खुद्द पंतप्रधानांच्या हस्ते झाले. सुमारे ३०० कोटी रुपये खर्चाची ही भट्टी वर्षाकाठी अडीच लाख टन कचरा गिळील, असे त्या वेळी जाहीर करण्यात आले. मुंबईत देवनारला रोज ६०० टन कचरा जाळण्याच्या प्रकल्पाचे कंत्राट २०२० सालीच दिले गेले. राज्यातील इतर शहरांचे कारभारीही याच वाटेकडे डोळे लावून बसले आहेत.

ज्या कारखान्याचे उद्‌घाटन एवढ्या थाटात होते, त्याचा ताळेबंद मात्र जनतेपुढे कधी मांडला जात नाही. तो मांडला, तर एक साधी गोष्ट उघड होईल. शहराचा जो कचरा खरोखर त्रासदायक असतो, तो या भट्टीला जाळता येत नाही. आणि जो तिला जाळता येतो, तो आधीच कोणाची तरी भाकरी असतो. कचरा जाळण्याचे धोरण हा केवळ अभियंत्यांच्या चर्चेचा विषय नव्हे. शहराच्या संपत्तीवर आणि शहराच्या हवेवर हक्क कोणाचा, हा प्रश्न त्याच्या मुळाशी आहे.

भट्टीला काय लागते?

ओले लाकूड पेटत नाही, हे चूल फुंकणाऱ्या कोणत्याही बाईला ठाऊक असते. महापालिकांचे सल्लागार मात्र हे ज्ञान लाखो रुपयांच्या अहवालांतून विसरतात. एक किलो पाण्याची वाफ करावयाची तर सुमारे ६०० किलोकॅलरी उष्णता खर्ची पडते. भारतीय शहरांच्या कचऱ्यात भाजीची देठे, फळांच्या साली, उष्टे-खरकटे, मंडईतील नासका माल यांचा वाटा निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून अधिक असतो आणि त्यात पाणीच पुष्कळ असते. रस्त्यावरची माती, बांधकामाचा राडारोडा यांची त्यात भर पडते. असा कचरा भट्टीत घातला तर तो उष्णता देण्याऐवजी भट्टीचीच उष्णता खातो.

हा अनुभव या देशाने पैसे मोजून घेतलेला आहे. दिल्लीत तिमारपूर येथे डेन्मार्कच्या साह्याने १९८७ साली कचरा जाळून वीज करण्याचा प्रकल्प उभारण्यात आला. रोज ३०० टन कचरा जाळून पावणेचार मेगावॅट वीज मिळावयाची होती. प्रत्यक्षात दिल्लीच्या कचऱ्यात तेवढी उष्णताच निघेना. आयात केलेली ती यंत्रसामग्री अल्पावधीत थंड पडली आणि पुढे कित्येक वर्षे गंजत राहिली. कोपनहेगनच्या कचऱ्यासाठी आखलेली भट्टी दिल्लीच्या कचऱ्याला जुंपली, त्याचे हे फळ होते.

त्यानंतरच्या प्रकल्पांनी या अपयशापासून धडा घेतला. पण तो कोणता, हे पाहिले पाहिजे. भट्टी पेटती ठेवावयाची तर तिला कोरडा, ज्वलनशील माल दिला पाहिजे. केंद्र सरकारने २०१६ साली केलेल्या घनकचरा नियमांत, किलोमागे १५०० किलोकॅलरी वा त्याहून अधिक उष्णता देणारा आणि पुनर्वापर होऊ न शकणारा कचरा ऊर्जेसाठीच वापरावा, असे म्हटले गेले. ‘पुनर्वापर होऊ न शकणारा’ हे शब्द कागदावर मोलाचे होते. भट्टीच्या तोंडाशी मात्र त्यांना किंमत उरत नाही. पॉलिथिनच्या एका किलोत दहा हजारांहून अधिक किलोकॅलरी असतात, म्हणजे भारतीय कोळशाच्या दुपटीहूनही जास्त. कागद, पुठ्ठा, चिंध्या, रबर यांचीही उष्णता चांगली. भट्टीच्या मालकाला जो माल हवासा वाटतो, नेमका तोच माल कचरावेचक बाई आपल्या पोत्यात भरते. या दोघांत जेव्हा स्पर्धा लागते, तेव्हा एकीच्या हाती आकडा आणि पोते असते. दुसऱ्याच्या हाती महापालिकेचे कंत्राट असते.

पोत्यातले अर्थशास्त्र

महाराष्ट्रातील शहरांत कचरा वेचणाऱ्यांत बहुसंख्य स्त्रिया आहेत आणि त्यांतही बहुसंख्य दलित आहेत. १९७२ च्या दुष्काळात गाव सुटले आणि शहरात दुसरे काम मिळाले नाही, म्हणून अनेकजणी या धंद्यात आल्या. त्यांच्या मुली-सुनाही त्यातच राहिल्या. कोणत्याही सरकारने त्यांना नेमले नाही, कोणी पगार दिला नाही. तरीही कागद कागदाच्या गिरणीत, काच काचेच्या भट्टीत आणि पत्रा ओतशाळेत परत पोहोचला, तो यांच्या हातांनी. आज ज्याला मोठ्या परिषदांतून ‘चक्रीय अर्थव्यवस्था’ म्हणतात, तिचा पहिला फेरा या बायकांनी अनवाणी पायांनी पुरा केला.

पुण्यात १९९३ साली बाबा आढावांच्या नेतृत्वाखाली या कष्टकऱ्यांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी राहिली. वेचणे हे भीक मागणे नव्हे, ते काम आहे. आणि काम आहे म्हणून ते करणारा कामगार आहे, ही तिची भूमिका होती. ओळखपत्र, विमा, पोलिसी जाचापासून संरक्षण या मागण्या एकेक करून पदरात पाडून घेत, २००८ मध्ये ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने पुणे महापालिकेशी घरोघर कचरा गोळा करण्याचा करार केला. तीन हजारांहून अधिक कचरावेचक त्यात आले. दारात येऊन ओला आणि सुका कचरा वेगळा घ्यावयाचा, सुक्यातील विकाऊ माल स्वतः विकावयाचा आणि घरटी ठरलेले शुल्क घ्यावयाचे, अशी ही सोपी व्यवस्था आहे. जो माल त्या वेचतात, तो वाहून नेण्याचा आणि त्याची विल्हेवाट लावण्याचा महापालिकेचा खर्च वाचतो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेसाठी २००१ साली पुण्यात झालेल्या अभ्यासाने ही बचत आकड्यांनिशी मांडली होती. कष्टकरी बायका शहराला अनुदान देतात, असा त्या आकड्यांचा अर्थ होता.

एवढे होऊनही २०२० च्या अखेरीस कराराची मुदत संपली, तेव्हा खाजगी ठेकेदार आणण्याची भाषा सुरू झाली आणि या कामगारांना रस्त्यावर उतरावे लागले. भट्टीच्या ठेकेदाराशी वीस-पंचवीस वर्षांचा करार करताना ज्या प्रशासनाची लेखणी अडखळत नाही, त्याच प्रशासनाने त्या वेळी कचरावेचकांना मात्र तात्पुरत्या मुदतवाढीवर झुलवत ठेवले. राज्य सरकार स्वच्छतेचे अभियान गाडगेबाबांच्या नावाने चालविते. ज्यांच्या हातात आज गाडगेबाबांचा खराटा आहे, त्यांना मात्र ते आपल्या हिशेबात धरावयास तयार नाही.

धूर कोणाच्या अंगणात?

जाळल्याने कोणतीही वस्तू नाहीशी होत नाही, ती रूप बदलते. काही भाग वायू होऊन धुराड्यातून जातो, काही राख होऊन खाली उरतो. प्लास्टिकमधील क्लोरिनयुक्त पदार्थ जळतात तेव्हा डायॉक्सिन या कुळातील विषे तयार होतात. १९७६ साली इटलीतील सेवेसो गावाने, आणि त्याआधी अमेरिकेने फवारलेल्या विषाने व्हिएतनामने, या कुळाची ओळख जगाला करून दिली. त्यातील सर्वांत जहाल विषाचा समावेश आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्ये मानवात निश्चितपणे कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांत केला. २००१ च्या स्टॉकहोम कराराने ज्या उगमस्थानांवर बोट ठेवले, त्यांत कचऱ्याच्या भट्ट्या आहेत आणि त्या करारावर भारताचीही मान्यता आहे.

भट्टीचे समर्थक सांगतात की वायू ८५० अंशांवर किमान दोन सेकंद ठेवला, नंतर झपाट्याने थंड केला आणि उत्तम गाळण्यांतून सोडला, तर हा धोका आटोक्यात राहतो. हे खरे आहे. परंतु ओल्या मिश्र कचऱ्याने भट्टीचे तापमान वरखाली होत राहते. गाळण्या महाग असतात आणि त्यांची देखभाल त्याहून महाग. धूळ आणि काही वायू यांचे मोजमाप अखंड चालू शकते, पण डायॉक्सिनची तपासणी अधूनमधून, नमुने घेऊन होते. ज्या दिवशी तपासनीस येणार त्या दिवशी भट्टी सोवळे नेसून बसणार, हे सांगावयास ज्योतिषी नको. दिल्लीतील ओखल्याची भट्टी २०१२ पासून पेटली. शेजारच्या वसाहतींनी वर्षानुवर्षे न्यायालयाचे उंबरठे झिजविले. २०१७ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने नियमभंगाबद्दल २५ लाख रुपयांची भरपाई ठोठावली. भट्टी चालूच राहिली.

ओखल्याच्या लोकांजवळ निदान वकील होते. मुंबईच्या गोवंडीत ते बळही नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी कुर्ला-चेंबूर लोहमार्ग घातला गेला तो कचऱ्याच्या गाड्यांसाठी. माणसांची वाहतूक त्यावर १९२४ साली सुरू झाली. आधी कचरा आणि मागाहून माणसे, हा क्रम त्या भागाच्या नशिबी तेव्हापासून आहे. देवनारची कचराभूमी १९२७ पासूनची. मुंबईच्या २००९ सालच्या मानवी विकास अहवालात हा एम-पूर्व विभाग शहरातील सर्व विभागांत तळाला होता. त्याच वर्षी तेथे रुग्णालयांतील कचरा जाळणारी भट्टी सुरू झाली. ती दोन वर्षांत हलवावी असा आदेश उच्च न्यायालयाकडून मिळण्यास २०२३ साल उजाडले, आणि पर्यायी जागा निघाली ती रायगड जिल्ह्यातील खालापूर तालुक्यात! धुराड्याचा प्रवास नेहमी श्रीमंताकडून गरिबाकडे आणि शहराकडून गावाकडे होतो. मलबार हिलवर कचऱ्याची भट्टी उभारावी, असे एकाही सल्लागाराला आजवर सुचलेले नाही.

राखेचीही तीच गत आहे. युरोपातील वर्गीकृत कचऱ्याची भट्टीसुद्धा वजनाच्या पाचव्या-चौथ्या हिश्श्याएवढी राख मागे ठेवते. माती आणि राडारोडा मिसळलेल्या भारतीय कचऱ्याची राख त्याहून अधिक भरते, आणि गाळण्यांत अडकलेली बारीक राख तर विषारीच असते. घातक कचऱ्याचे एक उदाहरण येथे बोलके आहे. भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातील ३३७ टन विषारी कचरा २०२५ साली पिथमपूरला जाळण्यात आला. प्रक्रियेत मिसळलेल्या चुन्यासह जी राख आणि अवशेष उरले, त्यांचे वजन मूळ कचऱ्याच्या दुपटीहून अधिक भरले. आता ती राख कोठे ठेवावयाची, हा वाद उभा राहिला. शहराचा कचरा त्या जातीचा नाही. पण भट्टीनंतर प्रश्न संपतो हा भ्रम त्यालाही लागू पडतो.

नफा खाजगी, जोखीम सार्वजनिक

एवढे दोष असूनही भट्ट्या का उभ्या राहतात? कारण त्यांतील नफ्याची तजवीज आधीच केलेली असते. जमीन महापालिकेची, कचरा महापालिकेचा, तो भट्टीपर्यंत पोहोचविण्याचा खर्चही बहुधा महापालिकेचाच. वीज मात्र ठेकेदाराने विकावयाची. जानेवारी २०१६ च्या वीजदर धोरणाने, राज्यातील अशा प्रकल्पांची सगळीच्या सगळी वीज वितरण कंपन्यांनी सक्तीने विकत घ्यावी, असा दंडक घालून दिला. बाजाराच्या स्पर्धेचे गोडवे गाणाऱ्यांनी येथे स्पर्धेला दारातच थांबविले. महाग विजेचा बोजा अखेर सामान्य ग्राहकाच्या देयकावर चढतो.

अशा करारांतील सर्वांत घातक कलम असते ते किमान कचऱ्याच्या हमीचे. ठरलेला कचरा महापालिकेने रोज पुरविलाच पाहिजे, न पुरविल्यास भरपाई द्यावयाची. असे कलम ज्या शहराने मान्य केले, त्या शहराला कचरा कमी करणे परवडत नाही. नागरिकांनी वर्गीकरण केले, प्लास्टिक घटले, कचरावेचकांनी अधिक माल वेचला, तर महापालिका दंडास पात्र! अमेरिकेतील हॅरिसबर्ग शहर कचऱ्याच्या भट्टीपायी झालेल्या कर्जात बुडाले आणि २०११ साली त्याने दिवाळखोरीचा अर्ज केला. ज्या डेन्मार्कचे दाखले येथे दिले जातात, तेथे भट्ट्यांची भूक भागविण्यासाठी परदेशांतून कचरा आणण्याची पाळी आली. अखेर २०२० साली तेथील राजकीय पक्षांनी, २०३० पर्यंत ही ज्वलनक्षमता ३० टक्क्यांनी घटविण्याचे ठरविले. गुरूने विद्या टाकावयास घेतली, तरी शिष्याचे पाठांतर चालूच आहे.

या करारांवर सभागृहात चर्चा व्हावी, ही अपेक्षाही फोल ठरली. मार्च २०२२ मध्ये मुंबई आणि पुणे महापालिकांची मुदत संपली आणि पुढील निवडणुकीपर्यंतची वर्षे प्रशासकांच्या एकहाती कारभारात गेली. पुढच्या पिढीला बांधून टाकणारे करार लोकप्रतिनिधींच्या नजरेआड होऊ शकतात, ही लोकशाहीची विटंबना होय.

डोंगराचे काय?

यावर एक आक्षेप प्रामाणिकपणे घेतला जातो आणि त्याचे उत्तर दिलेच पाहिजे. भट्टी नको, तर कचऱ्याचे डोंगर हवेत काय? जानेवारी २०१६ मध्ये देवनार पेटले तेव्हा त्याचा धूर उपग्रहांनाही दिसला. तो धूर कोणत्याही भट्टीच्या धुरापेक्षा भयंकर होता. उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या ग्रामस्थांनी पुण्याचा कचरा किती वर्षे सोसावयाचा?

डोंगर असह्य आहेत, यात शंका नाही. पण ते पेटतात कशाने? ओला कचरा हवेवाचून कुजला की त्यातून मिथेन निघतो आणि आगीला निमित्तच हवे असते. म्हणजे रोगाचे मूळ ओल्या कचऱ्यात आहे आणि इलाज म्हणून आणलेली भट्टी मागते सुका कचरा. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, ते हेच. शिवाय भट्टीच्या आशेवर आजचे काम उद्यावर ढकलले जाते, हे कोचीत दिसले. ब्रह्मपुरमला कचऱ्यातून विजेचा प्रकल्प येणार, म्हणून वर्षे गेली. वीज आली नाही. मार्च २०२३ मध्ये तेथील ढीग पेटला आणि सुमारे बारा दिवस शहर धुरात घुसमटले.

त्याच केरळातील अलप्पुळा शहराची वाट निराळी आहे. सर्वोदयपुरम येथील कचराभूमीला ग्रामस्थांनी विरोध केला, तेव्हा शहराने २०१२ पासून ओला कचरा घरातच आणि वस्तीतच जिरविण्याचा कार्यक्रम हाती घेतला. घरोघर छोटी गोबरगॅस संयंत्रे आणि नळीतील खत, वस्तीत हवेशीर खतपेट्या एवढीच त्याची सामग्री. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०१७ मध्ये त्याची दखल घेतली. महाराष्ट्रात वेंगुर्ल्याच्या नगरपरिषदेने काटेकोर वर्गीकरणाच्या बळावर आपल्या कचराभूमीचे उद्यान करून दाखविले. कोकणाला ही गोष्ट नवी नाही. अप्पासाहेब पटवर्धनांनी कणकवलीच्या गोपुरी आश्रमात मैला आणि केरकचरा यांचे खत करून दाखविले, ते शेतीसाठी आणि त्याचबरोबर भंगीमुक्तीसाठी. घाणीची विल्हेवाट आणि माणसाची प्रतिष्ठा हे एकच काम आहे, हे त्यांनी ओळखले होते.

हा मार्ग आपोआप यशस्वी होत नाही, हेही सांगितले पाहिजे. पुण्यात ठिकठिकाणी उभारलेले छोटे बायोगॅस प्रकल्प देखभालीअभावी आणि मिश्र कचऱ्यामुळे रखडले, कित्येक बंद पडले. पण त्यावरून निघणारा निष्कर्ष असा की, वर्गीकरण आणि देखभाल यांना माणसे लागतात आणि माणसांना वेतन द्यावे लागते. भट्टीला शेकडो कोटी देताना जी तिजोरी उघडी असते, ती खतकामगाराच्या पगारासाठी बंद का, याचे उत्तर प्रशासनाने द्यावे. सगळे वेगळे करूनही काही कचरा उरतोच: अनेक थरांची वेष्टने, वापरलेले डायपर, निकामी चपला. त्याची जबाबदारी हा माल बाजारात लोटणाऱ्या कारखानदारांवर टाकली पाहिजे. ज्या वेष्टनाचा पुनर्वापर होत नाही ते विकण्याचा हक्कही कोणाला असू नये. त्यानंतर जे उरेल त्यातील थोडे जाळावे लागले तर त्याची चर्चा करता येईल. पण उरलेल्या मूठभरासाठी भट्टी आणि भट्टीसाठी सगळे शहर, यांत फार मोठे अंतर आहे.

कार्यकर्त्यांपुढील काम

पक्षाच्या कार्यकर्त्यांनी या प्रश्नाकडे आजवर प्रभागापुरते पाहिले आहे. भट्टी आपल्या वस्तीत येऊ लागली की मोर्चा निघतो आणि ती शेजारच्या गावात गेली की गुलाल उधळला जातो. अशा विजयाने भांडवलदाराचे काहीच बिघडत नाही, त्याला दुसरी जागा मिळते. भट्टीशेजारचा रहिवासी, कचराभूमीशेजारचा शेतकरी, घंटागाडीवरचा कंत्राटी कामगार आणि पोते वाहणारी कचरावेचक बाई यांची एकजूट झाली, तरच या धोरणाला वेसण बसेल. आज ही माणसे परस्परांना ओळखतही नाहीत; त्यांना एका सभेत बसविणे हे पहिले काम होय.

मागण्याही स्पष्ट असाव्यात. कचऱ्याचा प्रत्येक करार मराठीत, संपूर्ण, सभागृहापुढे आणि जनतेपुढे मांडला जावा. किमान कचऱ्याच्या हमीचे कलम कोणत्याही महापालिकेने स्वीकारू नये आणि जेथे ते आहे तेथे रद्द करावे. चालू भट्ट्यांच्या डायॉक्सिनची आणि राखेची तपासणी स्वतंत्र यंत्रणेकडून, पूर्वसूचना न देता व्हावी व तिचे निष्कर्ष त्या वस्तीतील चावडीवर लागावेत. सुक्या कचऱ्यावर पहिला हक्क कचरावेचकांच्या सहकारी संस्थांचा, हे तत्त्व करारात यावे. ओल्या कचऱ्याची जिरवण प्रभागातच व्हावी आणि त्यासाठी नेमलेल्या कामगारांना किमान वेतन, विमा व हातमोजे-बुटांसह सर्व साधने मिळावीत.

यांतील एकही मागणी आकाशातला चंद्र मागणारी नाही. प्रत्येकीचा खर्च एका भट्टीच्या खर्चापेक्षा कमी आहे आणि प्रत्येकीतून रोजगार निर्माण होतो. तरीही त्यांना विरोध होईल, कारण त्यांत उद्‌घाटनाची फीत नाही आणि टक्केवारीची सोय नाही. शहराने टाकलेल्या वस्तूंतून ज्यांनी आपला संसार उभा केला, त्यांच्या तोंडचा घास काढून तो धुराड्यात घालणारे धोरण विकासाच्या नावाखाली येत आहे. येत्या अंदाजपत्रकाच्या सभेपूर्वी प्रत्येक शहर शाखेने आपल्या महापालिकेकडून कचऱ्याच्या कराराची प्रत मागावी, ती वाचावी आणि वस्तीवस्तीत वाचून दाखवावी. लढ्याची सुरुवात तेथून होऊ शकते.